दिव्याचा लांब पाय

…आणि वर मलाच विचारतात, "अगं, माझा लांब पाय बघितलास का?"

आता सांगा! काय उत्तर द्यायचं ह्याला? चोपन्न वर्षांचा माणूस, पुढ्यातला चहा गार होऊन त्यावर साय धरलेली, आणि हा माणूस स्वयंपाकघराच्या टेबलाखाली रांगतोय, फरशीवर तळहात फिरवतोय आणि लांब पाय शोधतोय! मी म्हटलं, "अहो, दोन्ही सारखेच आहेत, लग्नाआधी माझ्या आईने नीट बघून घेतले होते." हसतील? नाव नको! टेबलाखालूनच म्हणाले, "माझा नाही गं. दिव्याचा."

तुम्हाला सांगते, पूर्वीची मी असते ना, तर हसून हसून लोळले असते, नाहीतर लाटणं घेऊन मागे लागले असते. दोन्हीपैकी एक काहीतरी नक्की. आता काही नाही. गॅस बारीक केला, पदर खोचला आणि मीही टेबलाखाली शिरले दिव्याचा पाय शोधायला. मला काही वाटत नाही हो आता. खरंच. कशाचंच.

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई काय बरळतेय. आमचे हे शाळेत भूगोल शिकवतात. नद्या, पर्वत, वारे कुठून कुठे वाहतात ते सगळं. आणि हे ज्यांचे चिरंजीव, ते माझे सासरे, बाबा म्हणतो आम्ही त्यांना, ते वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. म्हणजे छापायच्या आधी चुका काढायच्या. आयुष्यभर एवढंच. ध चा मा होऊ द्यायचा नाही! आणि निवृत्त झाले म्हणून चुका थोड्याच थांबतात? छापलेल्यातल्या काढायच्या संपल्या, मग बोललेल्यातल्या काढायला लागले. मी नवी नवरी, घरात पहिला दिवस, कसंबसं तोंड उघडून म्हटलं, "बाबा, ही चपला कुठे ठेवू?" तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "एक असेल तर चप्पल. दोन असतील तर चपला. तुझ्या हातात किती आहेत?" मी हातात बघितलं. दोन होत्या. म्हणाले, "मग 'ह्या' म्हण. एकवचन-अनेकवचन पाळावं माणसाने." झालं! तेव्हापासून मी ह्या घरात वस्तू मोजल्याशिवाय तोंड उघडलेलं नाही.

ही माझी कथा. ह्यांची तर विचारूच नका. मी चुका करायचे, हे बाबांच्या लेखी अख्खी चूकच होते. भूगोलात पहिले आले, तर बाबा म्हणाले, "भूगोलात? त्यात काय दिवे लावणार?" मास्तर झाले, "मास्तर होऊन काय दिवे लावणार?" आमचं लग्न ठरलं, मी समोर बसलेय, हातात चहाचा ट्रे, आणि हे गृहस्थ माझ्यादेखत मुलाला विचारतात, "लग्न करून काय दिवे लावणार आहेस?" पहिली स्कूटर घेतली, दिवे. शाळेत उपमुख्याध्यापक झाले, दिवे. आणि आमचे हे काय म्हणायचे माहितेय? "हं." मान खाली आणि "हं." जन्मात कधी उलटून बोलले नाहीत. मी म्हणायचे, अहो एकदा तरी बोला! तर मलाही "हं."

मग एक दिवस सकाळी पेपर वाचता वाचता बाबांच्या हातातलं लाल पेन गळून पडलं. झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, शब्द आत आहेत, फक्त बाहेर यायची वाट बंद झालीय. तरी आम्हाला मेलं खरं वाटेना. मग हॉस्पिटलातच प्रचिती आली. बाबांचं डावं बोट एकसारखं समोर. सिस्टर धावली. "आजोबा, पाणी हवंय? पंखा लावू? उशी देऊ? अय्या, काय हवंय बरं आमच्या आजोबांना?" बोट हलेना. मग हे उठले, समोर भिंतीवर पाटी होती, 'शातंता राखा', अनुस्वार एक घर पुढे सरकलेला. ह्यांनी खिशातलं पेन काढलं, इथला खोडला, तिथे दिला. बोट खाली आलं. बाबांनी डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, उत्तम. काय उत्तम ते आम्हाला विचारा!

घरी आणलं. आणि घर गप्प झालं. तुम्ही म्हणाल, सुटलात! कटकट गेली! मलाही तसंच वाटलं होतं, चहा होईस्तोवर. मग काय झालं कोण जाणे, हे पण गप्प झाले. म्हणजे आधी काही मोठे बडबडे नव्हते, पण निदान "हं" तरी म्हणायचे. तेही गेलं. आता "हं" म्हणायला समोरून कुणी काही बोलायला हवं ना! शाळेत जायचे, यायचे, बाबांना कुशीवर वळवायचे, पाठ पुसायचे, चमच्याने भरवायचे, सगळं वेळच्या वेळी, पण चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मी विचारायचे, भाजीत मीठ बरोबर आहे का? "असेल." मी मुद्दाम एकदा मीठ घातलंच नाही. जेवले. उठले. आणि खरी गंमत सांगू? मीही जेवले. माझ्याही लक्षात आलं नाही! मला काही वाटत नाही म्हणते ती काय उगीच?

पण घोडं अडलं ते दुसरीकडेच. बाबा त्या खोलीत, आम्ही ह्या खोलीत, त्यांना काही हवं असलं तर आम्हाला कळणार कसं? आधी स्टीलचा पेला दिला, म्हटलं वाजवा. वाजवायचे, पण पाणी असलेला वाजवायचे, म्हणजे पाणी हवं म्हणून बोलवायचं आणि तेच पाणी गादीवर! मग घंटी दिली. घंटी त्यांनी डाव्या हाताने उचलली, बघितली आणि पलंगाखाली सोडून दिली. पुन्हा दिली, पुन्हा सोडली. घंटी वाजवून माणसं बोलवायची म्हणजे त्यांना कमीपणा वाटत असावा, किंवा घंटीवर काहीतरी चुकीचं कोरलेलं असावं, देव जाणे. मग मी बाजारातून बिनतारी बेल आणली. दाबलं की पाखरू चिवचिवतं. काय छान! पहिल्याच संध्याकाळी पाखरू सारखं चिवचिव, चिवचिव, आणि आम्ही आपले धावतोय, आणि बाबा शांत झोपलेले! चौथ्या खेपेला कळलं, शेजारणीकडेही तेच पाखरू. तिच्या दारात कुणी आलं की आमचं बोंबलायचं. आणि बाबांनी बटण दाबलं की शेजारीण दार उघडून बघायची, जिन्यात कुणी नाही! बाई घाबरून अर्धी झाली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पुन्हा आपला पेला दिला.

मग ती दुपार आली. मी मिक्सर लावला होता. हे शाळेतून आले आणि सरळ आत गेले, तर बाबा पलंगावरून अर्धे खाली, गादी धरून लोंबकळलेले, पेला हातात. वाजवत असणार. मिक्सरच्या आवाजात मला कुठलं ऐकू यायला! ह्यांनी त्यांना उचललं, नीट निजवलं, पांघरूण घातलं, माझ्याकडे बघितलं. बोलले असते तर बरं झालं असतं. चप्पल घातली… एक नव्हे, दोन्ही… आणि बाहेर पडले.

आले ते खोका घेऊन. खोक्यावर लिहिलंय, 'वय वर्षे आठ आणि पुढे'. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "दिवा करायचा. बाबांच्या उशाशी बटण, तुझ्या ओट्यावर दिवा. मिक्सर चालू असला तरी दिसेल." मी म्हटलं, विकत मिळत नाही का? म्हणाले, "मिळतो. मीच करणार." बास. एवढंच. ह्या माणसाने आयुष्यात बल्ब बदललेला नाही हो! आमच्याकडे बल्ब मी बदलते, हे स्टूल धरतात!

आणि तो दुकानदार, ज्याने हे गळ्यात मारलं ना, तो फोनवरून रोज ह्यांना शिकवायचा. उंटावरून शेळ्या! "सर, एकदम सोप्पं आहे, पोरंसोरं करतात! बॅटरीचा प्लस, मग रेझिस्टर, मग एलईडी, मग मायनस, झालं! गोल पूर्ण झाला की करंट फिरतो, गोल तुटला की थांबतो. फिरला की थांबला, बस्स! काय?" हे वहीत काढायचे तसा हवेत बोटाने गोल काढायचे. मग म्हणाले, ब्रेडबोर्ड दे. मी पाव कापायची फळी दिली. ती नव्हती. भोकाभोकांची पांढरी प्लास्टिकची पट्टी होती, तिच्यात तारा खोचायच्या. मग मला सांगा, ब्रेड कुठे आला? आणि रेझिस्टर म्हणजे तर काय, तांदळाला दोन्हीकडून तार फुटलेली, त्यावर रंगीत पट्टे. "हा तपकिरी आहे की लाल?" रात्रंदिवस मला हेच! जगातल्या सगळ्या डोंगर-पठारांचे रंग नकाशात ओळखतात, तांदळावरचा लाल कळेना! शेवटी कंटाळून तो तांदूळ वगळलाच त्यांनी, म्हणाले ह्याच्यावाचून काय अडतंय, आणि दिवा थेट बॅटरीला लावला. टिक्! गेला. जळका वास. दुकानदार म्हणतो, "अहो सर, रेझिस्टर पाहिजेच! अडवायला नको का कुणीतरी? नुसता करंट सोडला तर दिवा मरतो!" ह्यांनी तो जळका दिवा तळहातावर घेऊन बघितला. म्हणाले, "असं आहे होय."

मग दुसरा दिवा. त्याला दोन पाय, एक लांब, एक आखूड. लांब पाय प्लसला लावायचा, नाहीतर पेटत नाही. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवायची. पण आमच्या ह्यांना काय, सगळं टापटीप लागतं, पायांची लांबी कमीजास्त दिसते म्हणून नेलकटरने दोन्ही पाय कापून सारखे केले! आणि मग फोन केला की लांब पाय कोणता! तेव्हाच ते रांगणं चाललं होतं. कापलेले तुकडे सापडले असते तर म्हणे जुळवून बघितले असते. एक तुकडा सापडला, तो माझ्या टाचेत. दुकानदार म्हणाला, "सर, उलटसुलट लावून बघा ना, दोनच तर बाजू आहेत!" लावला. नाही पेटला. फिरवला. पेटला!

वाटाण्याएवढा लाल दिवा. दिवसाउजेडी, टेबलावर, कोथिंबिरीच्या काड्यांच्या शेजारी. हे म्हणाले, "लागला." मी म्हटलं, "हो, लागला." आणि मी भाजी चिरायला घेतली. तुम्हाला वाटेल टाळ्या वाजवल्या असतील. कुणी वाजवायच्या?

आता बाबांच्या खोलीपासून ओट्यापर्यंत तार आणायची म्हणजे तारांच्या जोडांना डाग द्यायला हवा, म्हणून डाग द्यायची ती तापती सळी आणली. ती ह्यांनी धरली कशी, तर पेन धरतात तशी. पुढून! मला आधी वास आला. मी ओरडले, "अहो, बोट! बोट!" तर हे सावकाश बोटाकडे बघतात. जणू शेजाऱ्याचं बोट. म्हणाले, "भाजलं वाटतं." वाटतं! मी ओढत नेऊन नळाखाली धरलं, पाणी सोडलं, आणि तिथे उभी राहून माझ्या मनात आलं, एका घरात दोघांनाही काही वाटेनासं झालं तर चटका बसलेला कळायचा कुणाला? आणि तिसरा तिकडे, त्याला वाटतं सगळं पण सांगता येत नाही! मला मात्र काही वाटलं नाही हो. पाणी गार होतं एवढं कळलं.

तर झालं एकदाचं. तार भिंतीच्या कडेने नेली, चौकटीवरून घेतली, ओट्यावर दिवा टांगला. बटण एका लाकडी ठोकळ्यावर बसवून बाबांच्या डाव्या हाताशी ठेवलं. नेमक्या त्याच वेळी बोलायला शिकवणाऱ्या बाई आलेल्या. ह्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, चित्रांची कार्डं घेऊन. "आजोबाऽ, हे काऽय आहे? के… के… केऽळं! म्हणा बरं!" बाबा खिडकीकडे बघायचे. ज्या माणसाने जन्मभर अग्रलेखातल्या चुका काढल्या तो केळं म्हणेल? कितीतरी आठवडे झाले, ओठ सुद्धा हलवला नव्हता. बाईंनीही मनातून आशा सोडलेली, दिसायचं ना, कार्डं भराभर उलटायच्या.

तर हे म्हणाले, "बाबा, हे बटण. हे दाबलं की तिकडे हिला दिवा दिसेल. आधी तुम्हाला इथेच दाखवतो." म्हणून ओट्यावरचा दिवा काढून, तार लांब होती, पलंगापाशी आणून धरला, बॅटरी जोडली. आणि दिवा लागला. बटण न दाबताच! हे गोंधळले. बटण दाबलं. लागलेलाच. सोडलं. लागलेलाच. पुन्हा दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं, दिवा आपला ढिम्म! लागलेला तो लागलेलाच! कपाळाला घाम. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताने दुकानदाराला फोन. तो फोनमधून बोंबलतोय, आम्हाला सगळ्यांना ऐकू येतंय, "सर, बटणाला चार पाय असतात! दोन दोन आतून आधीच जोडलेले असतात! तुम्ही त्याच जोडीला तारा लावल्या असणार, मग गोल कायमचा पूर्ण, तो दिवा विझणार कसा?" आधी दोन पायांनी छळलं, आता चार!

हे उभे. बोटाला पट्टी, हातात दिवा, तो विझत नाही. बाबा दिव्याकडे बघतायत. मग मुलाकडे बघितलं. मग बटणाकडे. पुन्हा मुलाकडे, वरपासून खालपर्यंत, लाल पेन घेऊन बघायचे ना, अगदी तसं. आणि त्यांचे ओठ हलले. डाव्या बाजूने, वाकडे, थरथरत. घशात काहीतरी घरघरलं, आणि…

"दि… वे."

अहो, बाईंच्या हातातली कार्डं खाली! "बोलले! आजोबा बोलले! दिवा बघितला आणि बरोबर शब्द आला! केवढी मोठी गोष्ट आहे ही!" टाळ्या काय, डोळ्यांत पाणी काय, फोनवर तो दुकानदार विचारतोय "सर, काय झालं? विझला का?" आणि बाई म्हणतायत, "पुन्हा म्हणा आजोबा, दिवे! दिवे!" बाबांनी तोंड मिटून घेतलं ते घेतलंच. आणि हे? दिवा धरून उभे. पुतळा! हललेच नाहीत.

बाई गेल्या तसे हे स्वयंपाकघरात आले, माझ्या शेजारी ओट्याला टेकून उभे राहिले. दूध तापत होतं. हळूच म्हणाले, "अगं, दिवा एकच होता."

मी म्हटलं, "मग?"

"एकच होता. ते 'दिवे' म्हणाले. बाबा एकवचन-अनेकवचन चुकतील?"

आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. दिवा नाही हो बघितला त्यांनी! ते वाक्य होतं! तेच! 'काय दिवे लावणार'मधलं! सगळं गेलं, हात गेला, पाय गेला, केळं गेलं, आणि आतून पहिला बाहेर आला तो हाच शब्द! मी ह्यांच्याकडे बघितलं, म्हटलं आता कोसळतायत की काय. तर ह्यांचे खांदे हलायला लागले. तोंडातून आवाज नाही, नुसते खांदे. मग आवाज आला. हसत होते! टेबल धरून, पोट धरून, भाजलेलं बोट तोंडात घालून हसत होते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मध्येच ओरडले, "आई गं, बोट काय दुखतंय!" इतक्या दिवसांनी दुखलं बघा ते बोट. तोवर इकडे दूध उतू गेलं. मला? मला काही वाटलं नाही. मी उभी होते. दूध पुसायचं सुचलं नाही एवढंच.

आता बाई रोज यायचं म्हणतायत. म्हणतात, शब्दाला शब्द लागतो, पुढचा लवकरच येईल. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! "आजोबा, दिवे… ला… लाऽवा! म्हणा!" आणि आमचे हे शाळेतून आले की हातपाय धुऊन, शर्ट खोचून, पलंगाशी खुर्ची ओढून बसतात. जे ऐकून ऐकून चोपन्न वर्षं कान किटले, तेच ऐकायला! परवा बाईंनी कौतुकाने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, पुढचा शब्द कुठला येईल?" तर हे म्हणाले, "'लावणार.' आणि शेवटी प्रश्नचिन्ह. ते बाबा विसरायचे नाहीत."

आणि बटण? दुरुस्त केलं असेल म्हणता? छे! दुकानदाराने चार पाय समजावून सांगितले, ठोकळ्यावर पेन्सिलने खुणा केल्या, तरी हात लावत नाहीत. म्हणतात, "राहू दे. दुरुस्त केलं आणि बरोबर चाललं, तर बाबा पुढचं वाक्य कशावरून बोलतील?" म्हणजे तो दिवा माझ्या ओट्यावर सदानकदा लागलेला. बाबांना काही हवं असो नसो, दिवा लागलेला म्हणजे बोलावणं आलेलं! मग एकदा मी जाऊन बघते, एकदा हे जाऊन बघतात. जाऊन उभं राहायचं, ते आपल्याकडे बघणार, आपण त्यांच्याकडे. घंटी, पेला, पाखरू, सगळं असताना सुद्धा इतक्यांदा कधी गेलो नव्हतो त्या खोलीत.

चला, उठते. दिवा लागलाय.